शिवणीतली माया

या महिन्यात तीनच पत्रं घेतली आहेत. पहिलं पत्र मोठं होतं, त्याचं उत्तरही मोठं झालं. ते काटछाट करून द्यावं असं मला वाटलं नाही.

पत्र पहिलं

डॉक्टर मॅडम,
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, चौथीचा वर्ग. वय ४३, उंची १५६ सेंमी, वजन ८४ किलो. गेल्या सहा वर्षांत काय काय केलं नाही! जिऱ्याचं पाणी झालं, एकभुक्त झालं, भात बंद, भाकरी बंद. पैसे भरून एका ग्रुपात गेले, तिथं रोज सकाळी वजनकाट्याचा फोटो टाकावा लागायचा. तीन महिन्यांत ९ किलो उतरले, पुढच्या वर्षभरात १२ चढले. आता सकाळी लिंबूपाणी घेते, डब्यात काकडी-टोमॅटो. साडेचारला घरी आले की खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता फरसाणाचा डबा उघडते, आणि मग स्वतःची किळस येते. पुतण्याच्या हळदीला मोठ्या जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "किती सुटलीस गं!" तेव्हापासून मी कार्यक्रमांना जात नाही. कपाटात ११ ब्लाउज तसेच पडून आहेत, बारीक झाले की घालीन म्हणून. गुडघा दुखतो म्हणून एका डॉक्टरांकडे गेले, त्यांनी गुडघ्याला हातही न लावता सांगितलं, "आधी वीस किलो कमी करा, मग या." त्याला दीड वर्ष झालं. शाळेत शिबिर झालं तेव्हा एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.२ आली, बीपी १४६/९४. भाची म्हणते, "मावशी, आहेस तशी स्वतःवर प्रेम कर." मी प्रेम करू की वजन कमी करू? स्वतःला माफ करायला लागले तर आणखीच ढिली पडेन, ही भीती वाटते.
— एक शिक्षिका, बार्शी तालुका

उत्तर

बाई, तुमचं पत्र मी दवाखाना बंद झाल्यावर वाचलं, आणि घरी जाऊन पुन्हा वाचलं. तुमच्या वर्गातल्या एखाद्या पोराला बाराचा पाढा येत नसेल, तर तुम्ही त्याला सगळ्या वर्गासमोर उभं करून "तुझी किळस येते" म्हणाल का? तुम्ही त्याला जवळ घ्याल, तो नेमका कुठं अडतो ते बघाल. बारा सातेला अडतो, की मुळात दोनचाच पाढा कच्चा आहे? गेली सहा वर्षं तुम्ही स्वतःला रोज सकाळी काट्यावर उभं करून वर्गासमोर मारताय. शिकलं काहीच नाही, नुसता मार खाल्ला.

तुमची इच्छाशक्ती कमी पडली असं तुम्हाला वाटतं. तसं नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धावर जायला तत्त्वासाठी नकार दिलेली ही मुलं होती, म्हणजे निश्चयाची पक्की. त्यांना २४ आठवडे जवळजवळ अर्ध्या आहारावर ठेवलं. वजन चौथ्या हिश्श्याने उतरलं. पण ती मुलं दिवसभर फक्त जेवणाचा विचार करायला लागली. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, ताट चाटायची, चिडायची, उदास व्हायची. पुढं जेवण मोकळं केलं तेव्हा पोट भरलं तरी हात थांबेना. तुमचा साडेचारचा फरसाणाचा डबा तो हाच.

आपल्या भागात हे समजावून सांगायला प्रयोगाचीही गरज नाही. १९७२चा दुष्काळ पाहिलेली आजी घरात असेल तर तिला बघा. कणगी भरलेली असली तरी ती मूठभर दाणे बाजूला काढून ठेवते. सुकडीवर आणि मिलोच्या लाल भाकरीवर काढलेले दिवस तिचा हात विसरलेला नाही. शरीराचंही तसंच असतं. तुम्ही डाएट म्हणता, त्याला तो दुष्काळ वाटतो. तो संपला की शरीर साठवायला लागतं, आणि थोडं जास्तच साठवतं. ९ गेले आणि १२ आले, यात तुमचा गुन्हा नाही.

आता दुसरी बाजू, कारण मला तुम्हाला खोटा दिलासा द्यायचा नाही. तुमचं ६.२ खरं आहे. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा, ६.५ला मधुमेह म्हणतात. "आहेस तशी छान आहेस" एवढं म्हणून ही साखर खाली येणार नाही. भाचीचं प्रेम खरं आहे, पण तिला अर्धीच गोष्ट माहीत आहे. शरीर आहे तसं स्वीकारा म्हणणारी ही चळवळ जिथून आली तिथं, म्हणजे अमेरिकेत, १९६९ साली लठ्ठ माणसांच्या हक्कांसाठी एक संघटना उभी राहिली. नोकरीत, दवाखान्यात, रस्त्यावर आम्हालाही माणसासारखं वागवा, ही त्यांची मागणी होती. आरशासमोर उभं राहून स्वतःला सुंदर म्हणणं हा भाग बराच नंतरचा. तुम्हाला रोज स्वतःवर प्रेम वाटलंच पाहिजे अशी सक्ती मी करणार नाही. एखाद्या दिवशी नाही वाटत, नाही वाटत. पण आईवर चिडलो असलो तरी तिची बीपीची गोळी आपण चुकवत नाही ना? तेवढं स्वतःसाठी करायचं.

आणि वीस किलो उतरल्याशिवाय काही होत नाही, हे चूक आहे. चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर तीन वर्षं अभ्यास झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. नुसता सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. चालणं आणि आहार बदलणाऱ्या गटात साधारण ३९ जणांना. माझ्या मनात घर करून राहिलेली गोष्ट वेगळीच आहे: त्या दुसऱ्या गटाचं सरासरी वजन फारसं कमी झालंच नव्हतं. काटा हलला नाही, तरी आजार लांबला. वजन उतरलं तर फायदा जास्त, हेही प्रामाणिकपणे सांगते. अमेरिकेतल्या २००२च्या अभ्यासात आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम आणि सुमारे सात टक्के वजन कमी, एवढं ध्येय ठेवल्यावर मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. तुमच्या ८४चे सात टक्के म्हणजे सहा किलोच्या आत. वीस नाही.

त्या डॉक्टरांबद्दल. त्यांनी गुडघा तपासायला हवा होता. हे मी ठामपणे लिहिते, कारण तशीच चूक माझ्या हातून झाली आहे. पूर्वी माझ्या दवाखान्यात वजनकाटा बाहेर, पेशंट बसतात त्या बाकाशेजारी होता. कंपाउंडर वजन बघून तिथूनच मोठ्याने आकडा सांगायचा आणि मी आत केसपेपरवर लिहायची. एकदा एक मावशी नुसत्या खोकल्यासाठी आल्या होत्या. "ब्याण्णव!" असा आवाज आला, बाकावरच्या चार जणी वळून बघायला लागल्या. मावशींनी पदर ओढून घेतला. खोकल्याचं औषध घेतलं आणि गेल्या. त्या पुन्हा आल्या दोन वर्षांनी, तळपायाला न भरणारी जखम घेऊन. साखर किती दिवसांपासून वाढली होती कोण जाणे. "आधी का नाही आलात?" असं मी विचारलं, त्यांनी काही न बोलता बाहेरच्या काट्याकडे बघितलं. त्या संध्याकाळी मी काटा आत, पडद्यामागे नेला. आता वजन करायच्या आधी विचारते, आणि गरज नसेल तर करतच नाही. त्या मावशींची नजर अजून डोळ्यासमोर येते.

म्हणून तुमचं पहिलं काम हे, की डॉक्टरांकडे जाणं सुरू करा. त्यांच्याकडे नको वाटत असेल तर दुसऱ्यांकडे जा. गुडघा दाखवा आणि विचारा, "हाच त्रास एखाद्या बारीक बाईला असता तर तुम्ही तिला काय दिलं असतं? तेच मला द्या." मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम तिलाही सांगितला असता. खुर्चीत बसून पाय समोर सरळ करायचा, पाच-सात आकडे मोजेपर्यंत धरायचा, हळू खाली आणायचा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्येही होईल. गुडघा सुजलेला असेल किंवा अडकत असेल तर मात्र आधी तपासणी.

बीपी पुन्हा मोजून घ्या, पण दंडाचा घेर सांगून. शिबिरात सगळ्यांना एकच पट्टा गुंडाळतात. दंड ३४-३५ सेंमीच्या पुढे असेल आणि पट्टा नेहमीचा असेल, तर आकडा खोटाच वर दिसतो. मोठा पट्टा मिळतो, तो मागायला लाजू नका. त्यानेही १४६ आलं तर औषधाचं बघावं लागेल, आणि वजन उतरण्याची वाट बघत ते लांबवायचं नाही. थायरॉइडची टीएसएच आणि रक्तातल्या चरबीची तपासणी करून घ्या. तुमच्या वयात पाळीची गणितं बदलायला लागतात, झोप बिघडते, त्याचाही वजनावर परिणाम होतो. वजनासाठीची आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं २०२५पासून आपल्याकडेही मिळतात. ती काहींना खरोखर उपयोगी पडतात आणि ती घेणं म्हणजे पळवाट नाही. मात्र ती डॉक्टरांनी तपासून द्यायची गोष्ट आहे, मैत्रिणीने सुचवायची नाही.

जेवणाचं एकच सांगते. डब्यात भाकरी न्या. ज्वारीची, घरची, तुमच्या भागात होते तशी. सोबत मटकीची उसळ किंवा घट्ट वरण, एक पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी चमचाभर, जमलं तर दही. काकडी-टोमॅटो त्याच्या जोडीला, त्याच्या जागी नाही. दुपारी पोट नीट भरलं की साडेचारच्या डब्याची ओढ आपोआप सैल पडते. तरीही फरसाण खावंसं वाटलं तर खा, पण आधी पर्स उतरवा, हातपाय धुवा, वाटीत काढा आणि खुर्चीवर बसा. पाहुण्याला आपण डब्यातून उभ्याउभ्या खायला देत नाही. रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला. गल्लीत लोक बघतात असं वाटत असेल तर गच्चीवर चाला. रोज वजन करू नका. तीन महिन्यांनी एचबीए१सी करा आणि मला कळवा.

स्वतःला माफ केलं तर ढिली पडेन, ही तुमची भीती मी रोज ऐकते. क्रिस्टिन नेफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्वतःविषयीच्या करुणेचा २००३पासून अभ्यास करताहेत. त्या तीन गोष्टी सांगतात: स्वतःशी मायेनं बोलणं, असा त्रास होणारी मी एकटी नाही हे लक्षात ठेवणं, आणि दुखतंय ते लपवून न ठेवता, फुगवून न घेता जसं आहे तसं पाहणं. यात चुकीकडे काणाडोळा कुठे आला? माझ्या दवाखान्यातला अनुभव असा की, स्वतःला शिव्या घालणाऱ्या बाया तपासणीची तारीख टाळतात. आकडा वाईट आला तरी आपल्याला कुणी टाकून बोलणार नाही, अशी खात्री असलेली बाई रिपोर्ट घेऊन वेळेवर येते.

जाऊबाईंना उत्तर द्यायलाच हवं असं नाही. द्यावंसं वाटलं तर, "वहिनी, माझ्या तब्येतीचं मी बघतेय, तुमचा पाठदुखीचा त्रास कसा आहे?" एवढं पुरे.

आणि ते अकरा ब्लाउज. एखाद्या रविवारी एक उलटा करून बघा. चांगल्या शिंप्याने बगलेत बोटभर माया ठेवलेली असते. आमच्या आईचा शिंपी तर न सांगता ठेवायचा, म्हणायचा, "बाईमाणसाचं अंग कमीजास्त होतं, कापड का वाया घालवा." आत्ताचं माप देऊन त्या शिवणी उसवून घ्या. ज्यांना माया नसेल ते कुणाला तरी देऊन टाका. आणि पुढच्या हळदीकुंकवाला त्यातलाच एक घालून जा.

पत्र दुसरं

माझी मुलगी १५ वर्षांची, दहावीत आहे. सुट्टीत आलेले तिचे काका तिला "जाडे" म्हणून चिडवायचे. गेल्या चार महिन्यांत ती खूप बारीक झाली. रात्रीचं जेवण सोडलं, दिवसातून पाच-सहा वेळा वजन करते. तीन महिने पाळी आलेली नाही, सारखी थंडी वाजते म्हणते. माझी आई म्हणते, छान दिसायला लागली. मला मात्र भीती वाटते. मी उगाच काळजी करतोय का?
— एक वडील, रत्नागिरी जिल्हा

उत्तर

दादा, तुमची भीती बरोबर आहे. याच आठवड्यात तिला डॉक्टरांना दाखवा. पाळी थांबणं, थंडी वाजणं, जेवण टाळणं, सतत वजन करणं, या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या की तो खाण्यासंबंधीचा मानसिक आजार असू शकतो. हा आजार आहे, हट्ट नाही आणि फॅशनही नाही. हृदयाची गती, बीपी, रक्तातले क्षार बघावे लागतील, आणि सोबत मनोविकारतज्ज्ञही लागतील. चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं, किंवा पाणीही पीत नसेल तर आठवड्याचीही वाट बघू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. जवळ तज्ज्ञ नसतील तर सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

तिला "खा गं, खा" म्हणून ताटावर बसवू नका, रागावू तर मुळीच नका. "तू गप्प गप्प असतेस, मला काळजी वाटते, आपण दोघं जाऊन येऊ" एवढंच म्हणा. काट्याची जागा कपाटावर, घरात कुणाच्याच हाताला लागणार नाही अशी. आजींना शांतपणे सांगा की सध्या तिच्या दिसण्याबद्दल चांगलंही बोलायचं नाही, कारण त्या "छान" मधून तिला "आणखी कमी कर" असं ऐकू येतं. काकांना मात्र तुम्ही स्वतः फोन करा. तिने ऐकावं म्हणून नव्हे, पण तिचे वडील तिच्या बाजूने बोलले हे तिला कधीतरी कळावं म्हणून. या वयात मुलींची कंबर आणि मांड्या भरतात, वाढीचाच तो भाग आहे, आणि हे तिला एव्हाना कुणीतरी सांगायला हवं होतं.

पत्र तिसरं

वय २९, हिंजवडीत नोकरी. उंची १७२, वजन ६६. मी कायम सडपातळ. ऑफिसच्या तपासणीत एचबीए१सी ७.१ आली, पुन्हा केली तरी ७.०. माझी मोठी बहीण जाड आहे, लहानपणापासून घरातले सगळे तिच्या खाण्यावर लक्ष ठेवून असतात. तिची साखर नॉर्मल निघाली! हे असं कसं?
— एक वाचक, पुणे

उत्तर

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, २२.३ येतो. हा आकडा पाहून मी चमकले, कारण नेमक्या याच आकड्याची एक गोष्ट तुमच्याच पुण्याशी जोडलेली आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही तपासली होती. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं हाडामांसाने बारीक, पण चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. बाहेरून सडपातळ, आतून नाही, असं आपल्यापैकी पुष्कळांचं असतं.

बीएमआयचं सूत्र १८३०च्या दशकात क्वेटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने लोकसमूहांसाठी मांडलं, एका माणसाची तब्येत ठरवायला नाही. बीएमआय हे नाव त्याला १९७२ साली मिळालं, आणि ते दिलं पहिल्या उत्तरातल्याच अँसेल कीज यांनी. कंबर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंमी आणि बायकांसाठी ८० सेंमीच्या पुढे गेली तर सावध व्हायचं. तुमच्या बाबतीत मात्र तेवढ्यावर थांबू नका. २९व्या वर्षी, सडपातळ बांध्यात मधुमेह निघाला तर तो कोणत्या प्रकारचा आहे हे तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावं लागतं, कारण उपचार त्यावर अवलंबून असतात. अचानक वजन उतरत असेल, खूप तहान-लघवी होत असेल तर उद्याच जा. तुम्हाला उपाशी राहायचं नाही, उलट स्नायू वाढवायचे आहेत. वजनं उचलण्याचा व्यायाम शिकून घ्या, ताटात डाळी-कडधान्यं किंवा अंडी वाढवा, आणि खुर्चीतून दर तासाला उठा.

तुमच्या बहिणीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. वीसेक वर्षं घरातल्या सगळ्यांची नजर तिच्या ताटावर, आणि तपासणी कुणाचीच नाही, तुमचीही नाही. तिचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कुणी तिला काही बोललं का? तुम्ही बोला. आणि आता रोज संध्याकाळी तुम्हाला चालायला जायचंच आहे, तर तिला सोबत येशील का विचारा. नको म्हणाली तर आग्रह करू नका.